चिमूट, चमचा आणि कॅप्सूल

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या आहेत. वर्षभरापूर्वी त्यांच्या यजमानांना मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या, यजमान रोज चालायला लागले, गोड सोडलं. ताईंनी मात्र सगळी भिस्त मसाल्यांवर ठेवली. यजमानांना सकाळी रिकाम्या पोटी मेथीचं पाणी, मग चमचाभर दालचिनीची पूड, आणि दिवसातून दोनदा आलं, लवंग, मिरी यांचा काढा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि हृदयाच्या त्रासासाठी त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. त्यांना हळदीचं दूध आणि जोडीला हळद-मिरीच्या कॅप्सूल. यजमानांची साखर खाली आली, म्हणून त्यांनी आपल्या मनानेच एक गोळी बंद केली आहे. पण आता त्यांच्या छातीत जळजळ होते. शिवाय ताई प्रत्येक पदार्थात मसाले वाढवून घालतात, त्यामुळे सगळ्याच जेवणाला काढ्याचा वास येतो अशी घरात तक्रार आहे. मुलगी म्हणते, मसाला म्हणजे नुसती चव, बाकी सगळं थोतांड. ताईंचा प्रश्न असा: "घरातलीच वस्तू, तिने अपाय कसा होईल? अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं ते उगाच का? मला प्रत्येक मसाल्याचा उपयोग आणि रोजचं प्रमाण असा तक्ता करून द्या." दीड वर्षाच्या नातवाला शांत झोप लागावी म्हणून जायफळ द्यावं का, हेही त्यांनी शेवटी विचारलं आहे.

प्रिय ताई,

घरातल्या दोन माणसांची दुखणी तुम्ही अंगावर घेतली आहेत, आणि हाताशी जे होतं त्यातून उपाय शोधलेत. त्यामागची माया पत्राच्या ओळीओळीत दिसते. म्हणूनच दोन गोष्टी आधी सांगते. त्या उद्यावर टाकू नका.

यजमानांनी बंद केलेल्या गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा. साखर खाली आली हे चांगलंच झालं, पण ती कशाने आली? ते चालू लागले, गोड सुटलं, गोळ्या पोटात जात होत्या. ही तीन कारणं चालू असताना तुम्ही सगळं श्रेय दालचिनीला आणि मेथीला देऊन टाकलंत. साखर खाली ठेवण्यात त्या गोळीचाच वाटा मोठा असेल, तर ती बंद केल्यावर साखर हळूहळू पुन्हा चढेल, आणि चढलेली साखर बरेच दिवस काही जाणवू देत नाही. उलटा धोकाही आहे. मेथी भरपूर प्रमाणात घेतली तर साखर थोडी उतरू शकते. यजमान ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील तर ती नको तितकी उतरण्याचीही शक्यता असते. अचानक दरदरून घाम, हातापायांची थरथर, घाबरल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तेव्हा गोळी बंद केली हे आणि मेथी-दालचिनी चालू आहे हे, दोन्ही डॉक्टरांना कळायला हवं. गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी केव्हा करायची तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

दुसरी गोष्ट सासूबाईंच्या कॅप्सूलची. त्या थांबवा, आणि आजवर किती दिवस घेतल्या ते त्यांच्या डॉक्टरांना सांगा. त्यांच्यातलं एकवटलेलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलाच एक घटक, रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करू शकतं, आणि सासूबाईंची गोळी तेच काम मोजूनमापून करते आहे. रक्ताची तपासणी पुन्हा करायला हवी का, हे डॉक्टर सांगतील. तोवर हिरड्यांतून रक्त येतंय का, कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग उठतायत का, शौचाला काळी होतेय का, याकडे लक्ष ठेवा. यातलं काही दिसलं तर फोनवर थांबू नका, थेट दवाखान्यात न्या. आमटी-भाजीतल्या हळदीची मात्र धास्ती घेऊ नका, ती चालू राहू दे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. घरातली वस्तू अपाय कशी करेल, असं तुम्ही विचारता. ताई, वस्तू घरातली आहे हे खरं, पण घरात आपण ती ज्या मापाने वापरत आलो ते माप चिमटीचं आहे. तुम्ही वस्तू तीच ठेवलीत आणि माप बदललंत. चिमटीचा चमचा झाला, चमच्याची कॅप्सूल झाली. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने जे निर्धोक ठरलं ते स्वयंपाकातलं प्रमाण. रोज चमचाभर दालचिनी किंवा कॅप्सूलमधली हळद यांना त्या अनुभवाचा आधार नाही.

हळदीचंच बघा. तिच्यातल्या ज्या घटकाचा एवढा बोलबाला आहे ते कर्क्युमिन हळदीच्या पुडीत साधारण ३ टक्के असतं. म्हणजे ३ ग्रॅमच्या भरल्या चमच्यात जेमतेम ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही फारच थोडं रक्तात पोचतं. गुडघेदुखीवर ज्या चाचण्यांत थोडाफार आराम दिसला, त्या बहुतेक छोट्या आहेत आणि त्यांत वापरलेला अर्क रोज कित्येक शे मिलिग्रॅमचा होता. दुधातल्या अर्ध्या चमच्याने ते काम होणार नाही. मग कॅप्सूलवाले त्यात मिरी घालतात. मिरीतल्या पायपरीनमुळे कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढल्याचं १९९८ सालच्या एका लहान अभ्यासात दिसलं होतं, आणि तो आकडा पुष्कळ कॅप्सूलच्या जाहिरातीत सापडतो. पण पायपरीन ज्या दारातून कर्क्युमिनला आत सोडतं, त्याच दारातून इतर औषधांनाही सोडतं. अपस्मारासाठीच्या फेनिटॉइनसारख्या काही औषधांची रक्तातली पातळी त्याने वाढते. हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची प्रकरणं गेल्या काही वर्षांत इटली, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत मिरीचा अर्क होता. अशी प्रकरणं विरळाच, पण वय झालेल्या, आधीच औषधं चालू असलेल्या बाईवर हा प्रयोग कशाला? पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही हळदीचे मोठे डोस टाळावेत. हळदीत मूतखडे बनवणारं ऑक्झलेट भरपूर असतं.

दालचिनीबद्दल मी जास्त आग्रहाने सांगेन, कारण ती तुम्ही रोज चमचाभर देताय. बाजारात दालचिनी म्हणून दोन वेगळ्या झाडांच्या साली मिळतात. एक खरी, श्रीलंकेची: पातळ पापुद्र्यांची, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरगळणारी. दुसरी कॅसिया: जाड, कडक, एकाच पदराची, चवीला जास्त झणझणीत. पुडीत बहुतेक वेळा कॅसियाच असते, कारण ती स्वस्त पडते. कॅसियात कौमारिन नावाचं द्रव्य असतं आणि ते जास्त झालं तर काही माणसांच्या यकृताला त्रास होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने दर किलो वजनामागे रोज ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅसियाच्या एका ग्रॅममध्ये कौमारिन साधारण ३ मिलिग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे दोन ग्रॅममध्येच मर्यादा गाठली जाते. आणि सपाट चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो. एखाद्या दिवशी जास्त गेली तर काही बिघडत नाही. रोज, वर्षभर हा प्रकार वेगळा. इतकं करून साखर उतरते का? काही चाचण्यांत उतरली, काहींत नाही. २०१२ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने दहा चाचण्या एकत्र तपासल्या आणि मधुमेहासाठी दालचिनी सुचवण्याइतका पुरावा नाही असाच निष्कर्ष काढला. दालचिनी थांबवा. आवडत असेल तर तुकडा घालून पदार्थ करा, साल खरी घ्या.

मेथीची बाजू या दोघींपेक्षा भक्कम आहे. तिच्या दाण्यात विरघळणारा तंतू भरपूर असतो, तो पोटात फुगून बुळबुळीत होतो आणि जेवणातली साखर रक्तात उतरण्याचा वेग मंदावतो. गंमत अशी की त्यातला बराचसा भाग दाण्यातच राहतो, आणि बहुतेक घरांत पाणी पिऊन दाणे टाकून दिले जातात. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर भिजवलेले दाणे जेवणासोबत चावून खाऊ देत, किंवा भाजी-डाळीत घाला. मात्र गोळीला पर्याय म्हणून नाही. गरोदर बाईने मेथीचे मोठे डोस घेऊ नयेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यालाही मेथी बाधू शकते, हेही इतर वाचकांसाठी इथेच सांगून ठेवते.

छातीतल्या जळजळीचं कारण तुम्ही शोधताय, आणि दिवसातून दोनदा, बहुधा रिकाम्या पोटी, तिखट काढा चाललाय. आठवडाभर तो बंद ठेवा. जळजळ गेली तर कारण कळलं, नाही गेली तर डॉक्टरांना दाखवा.

पेटंटबद्दल. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट दिलं गेलं होतं, हे खरं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने लेखी पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतलं. त्या लढाईचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण तिथे निर्णय झाला तो हे ज्ञान नवं नाही, ते आधीपासून लोकांचं आहे, एवढ्याचाच. हळद कशावर किती चालते हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. आता विषय निघालाच आहे तर, कापलं-खरचटलं तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. रोजच्या डब्यातली हळद जंतूविरहित नसते. भाजल्यावर तर ती अजिबात लावू नका.

लेकीचं म्हणणं मात्र मी तसंच्या तसं उचलून धरणार नाही. मसाल्यात नुसती चव असती तर दातांच्या डॉक्टरांनी लवंगेतलं युजेनॉल तात्पुरत्या भरणात वापरलं नसतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनची मलमं सांधेदुखीवर मिळाली नसती. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध ज्या शिकिमिक आम्लापासून बनवत आले, ते बराच काळ मुख्यतः चक्रीफुलातून काढलं गेलं. पण चक्रीफूल उकळून प्यायलं म्हणून ते औषध पोटात जात नाही. मधे रसायनशाळेतल्या कितीतरी पायऱ्या आहेत, शुद्धीकरण आहे, मोजमाप आहे, माणसांवरच्या चाचण्या आहेत. तुमची लेक आणि तुम्ही दोघीही अर्ध्या बरोबर आहात, एवढं तिला वाचून दाखवा.

तुम्ही मागितलेला तक्ता मी देत नाहीये तो यामुळेच. एका बाजूला मसाला, दुसऱ्या बाजूला आजार असं लिहिलं की वाचणारा मधली माणसं विसरतो: कुणाला कोणती गोळी चालू आहे, कुणाचं यकृत अधू आहे, कुणाच्या पोटात बाळ आहे. त्याऐवजी एक सोपी खूण धरा. पदार्थात चवीसाठी जेवढं पडतं ते अन्न. त्याहून जास्त, रोज, ठरवून घेतलं की ते औषध, आणि डॉक्टरांनी चालू औषधं विचारली की त्यात त्याचंही नाव सांगायचं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर अशा गोळ्या आणि चूर्णं किती दिवस आधी थांबवायची हेही विचारायचं.

मग आरोग्यासाठी मसाल्यांनी काहीच करायचं नाही का? माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम ताटात आहे, आणि नेमकं तेच तुमच्याकडे सध्या बिघडलंय. यजमानांनी भाज्या, डाळी, उसळी पोटभर खाव्यात, सासूबाईंनी मीठ कमी घ्यावं, हे साधायचं तर कमी तेल-मिठाचं जेवण चविष्ट लागलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि ते फिक्कं लागतं म्हणूनच पाळलं जात नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत काही लोकांना मिठाऐवजी मसाले आणि पानं वापरून चव कशी आणायची ते शिकवलं गेलं. ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा त्यांच्या पोटात रोज जवळपास एक ग्रॅम सोडियम कमी गेलं, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ. कुठल्याही कॅप्सूलपेक्षा हे मला मोलाचं वाटतं.

म्हणून आता चुलीपाशी येऊ. तुमच्या जेवणाला काढ्याचा वास येतो, कारण लवंग, दालचिनी आणि मिरी प्रत्येक पातेल्यात जातायत. लवंग तर जिभेला किंचित बधिर करते, मग बाकीच्या चवी पोचणार कशा? एका पदार्थात एकच मसाला पुढे ठेवा. आज जिऱ्याची डाळ, उद्या बडीशेपेची भाजी, परवा नुसती मिरी. चारच दिवसांत फरक कळेल.

मसाल्याचा वास आणि रंग बहुतांशी तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे वरून पूड भुरभुरवून जे दोन चमच्यांनी होत नाही ते फोडणीतल्या पाव चमच्याने होतं. तेल कमी वापरायचं असेल तर फोडणी जास्तच जपून करावी लागते. मोहरीचा झणका तिच्या दाण्यातल्या एका एन्झाइममुळे येतो, आणि तो दाणा चेचून ओला केल्यावर. तापलेल्या तेलात ते एन्झाइम मरतं, म्हणून तडतडलेली मोहरी तिखट न लागता खमंग लागते. तेव्हा झणका हवा असेल तर वाटून घाला, खमंगपणा हवा असेल तर फोडणीत. जिरं रंग बदलेपर्यंत थांबा. मेथीदाणे मात्र तांबूस झाले की पुढचा जिन्नस लगेच घाला, करपले की सगळा पदार्थ कडू करतात. हिंगाचा कच्चा, गंधकी दर्प गरम तेलात मऊ होतो. हळद आणि तिखट शेवटी, गॅस बारीक करून, आणि पाठोपाठ भाजी किंवा पाणी. तिखट पूड क्षणात जळते, आणि जळलेल्या तिखटाची चव झाकायला मग आपण मीठ वाढवतो. अख्खे गरम मसाले सुरुवातीला, त्यांची पूड गॅस बंद करताना. भाजलेल्या जिऱ्याची भरड आणि लिंबाची फोड ताटापाशी ठेवा. सासूबाईंचा हात मिठाकडे जाण्याआधी तिकडे जाईल.

अख्खे मसाले नीट ठेवले तर दोन-तीन वर्षं टिकतात, पुडी काही महिन्यांतच मलूल होतात. उजेड, उष्णता आणि ओल हे तिन्ही वाईट, म्हणून डबा शेगडीच्या वरच्या फळीवर नको. वाफाळत्या पातेल्यावर बरणी उपडी करून मसाला घालू नका, वाफ आत शिरते, गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. बुरशी दिसली तर ऊन दाखवून वाचवायला जाऊ नका, फेकून द्या. मिरचीत आणि जायफळात बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, आणि ते शिजवून जात नाही. हळद तिच्या झगझगीत पिवळेपणावर भुलून घेऊ नका. तो रंग आणायला लेड क्रोमेट हे शिशाचं विषारी रंगद्रव्य वापरल्याचं बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर आढळलं होतं, तिथे ते अख्ख्या हळकुंडांवरही चोळलेलं होतं. म्हणून सुटी, अनोळखी पूड टाळा, परवान्याचा क्रमांक आणि तारीख छापलेलं बंद पाकीट घ्या. घरात कुणाला गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल तर हिंगाच्या डबीवरची घटकांची यादी जरूर वाचा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

छोट्या घरगुती उपायांवर मी बंदी घालत नाहीये. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे, गरोदरपणातल्या मळमळीतसुद्धा. चाचण्यांत बहुधा दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास सुंठ वापरलेली असते. दात ठणकत असेल तर डॉक्टर भेटेपर्यंत लवंग दाताखाली धरायला हरकत नाही. जेवणानंतर बडीशेप चघळा, घसा खवखवला तर गरम पाण्यात आल्याचा तुकडा टाका. एवढं करून दोन-चार दिवसांत बरं वाटलं नाही तर मात्र दुखण्याचं कारण शोधायला हवं.

राहिला नातवाचा प्रश्न. त्याला जायफळ देऊ नका, उगाळूनही नाही. जायफळातलं मिरिस्टिसिन मेंदूवर परिणाम करतं. मोठ्या माणसालाही पाच ग्रॅमच्या पुढे, म्हणजे एखाद्या अख्ख्या जायफळाने, भ्रम, धडधड आणि उलट्या होऊ शकतात. दीड वर्षाच्या बाळाला किती चालेल याचं सुरक्षित माप कुणीच देऊ शकत नाही, आणि सहाणेवर किती उगाळलं गेलं हे रोज वेगळं असतं. लवंगेच्या तेलाची बाटलीही त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, काही मिलिलिटर पोटात गेल्याने लहान मुलांचं यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ आली आहे. तो नेमका केव्हा उठतो, नाक चोंदलेलं असतं का, दुपारी किती झोपतो, हे चार-पाच रात्री लिहून ठेवा आणि ते टिपण घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.